बारा बोअर की तीनशे पंधरा

तीनशे पंधरा हा आकडा बारापेक्षा मोठा आहे, म्हणजे तीनशे पंधरा बोअरची बंदूक बारा बोअरपेक्षा मोठी असणार, असं मी मामांना सांगून टाकलं होतं. मी तेव्हा लातूरला विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात, आईकडून आणि वडलांकडूनही, कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे माझं म्हणणं मामांनी जागच्या जागी मान्य केलं.

"ऐकलं का," ते मामीला म्हणाले, "तीनशे पंधरा. भाचा सांगायलाय."

मामी चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आकड्यानं डुक्कर मरत असंल तर शेतात जाऊन पाढेच म्हणा की."

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा वेगळा झाला होता आणि पाऊस पाठ फिरवून गेला होता. माझं गाव कंधारकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. तिथं वडील दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. मामांचं गाव रेणापूरजवळ. रविवार आला की मी वसतिगृहातून सायकल काढायचो आणि मामांकडं जायचो. निमित्त भेटीचं असायचं, पण खरी ओढ मामीच्या भाकरीची होती. त्या दिवसांतही तिनं माझ्या ताटात कधी हात आखडता घेतला नाही.

मामांचं रान ओढ्याच्या काठाला. त्या साली ज्वारी वीतभर वाढली आणि करपून गेली. राखणीसाठी ज्वारीच्या मधोमध चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून माळा उभा केलेला होता, तो तसाच मोकळ्या रानात उभा राहिला. राखायला काही उरलंच नव्हतं. विहिरीच्या तळाला मात्र थोडं पाणी टिकून होतं. गावात इंजिनं आली होती, पण मामांची अजून मोटच होती. त्या पाण्यावर त्यांनी विहिरीच्या कडेला मक्याचा एक तुकडा जगवला होता, बैलांसाठी. बैल मोट ओढायचे, मोटेच्या पाण्यावर मका वाढायचा आणि मक्यावर बैल जगायचे. एवढंच ते चक्र होतं. त्यातला एक दात तुटला असता तर सगळंच थांबलं असतं.

बैल लालकंधारी होते. माझ्या वडलांनीच ते आमच्याकडच्या बाजारातून पारखून घेऊन पायी मामांच्या गावापर्यंत आणून सोडले होते. त्यामुळे मलाही ते घरचेच वाटायचे. त्या साली लोकांनी जनावरं विकायला काढली होती. मामा मात्र बाजाराचं नाव काढू देत नव्हते. "दुष्काळात बैलाला एकच गिऱ्हाईक असतंय," ते म्हणायचे, "आन ते वखराला जुंपायला घेत न्हाई." चाऱ्याच्या छावणीत न्यावेत तर मोट कोण ओढणार, आणि मोट थांबली की विहिरीकडचा मका वाळणार.

मक्यावर डोळा दोघांचा होता. एक बैलांचा आणि दुसरा रानडुकरांचा. ओढ्याच्या शिंदीच्या बेटात डुकरांचा कळप होता. चांगल्या सालात तो ज्वारी, भुईमूग, जे मिळेल ते खाऊन सगळ्या शिवारात विभागला जायचा. आता साऱ्या शिवारात हिरवं एवढंच. दिवस मावळताना नाहीतर तांबडं फुटताना कळप यायचा, आणि एका खेपेत घराच्या अंगणाएवढा मका आडवा करून जायचा. खायचं थोडं आणि लोळवायचं फार.

मामांनी सगळे उपाय करून पाहिले. पत्र्याचे डबे बांधले, मामीच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या काठ्यांना लावल्या. केसांचा वास नाकात गेला की डुक्कर मागं फिरतं म्हणतात, म्हणून रेणापूरच्या न्हाव्यांकडून पोतं भरून केस आणून बांधावर पसरले. दोन दिवस बरे गेले. मग वारं सुटलं आणि केस उडून बांधशेजाऱ्यांच्या विहिरीत गेले. हे बांधशेजारी म्हणजे गावातले जुने शेतकरी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. आबा भल्या सकाळी मामांच्या दारात येऊन उभे राहिले.

"पाणी प्यालो आन घशात मिशी अडकली," ते म्हणाले. "तुमी बंदूक घ्या बुवा आता. मी सुखानं पाणी पितो."

बंदुकीचा अर्ज मामांनी आधीच केलेला होता. तो जुन्या जिल्ह्याच्या गावी पडून होता. जिल्हा वेगळा झाला तसा तोही लातूरला आला. नव्या कचेरीत टेबलं अजून एकमेकांवर रचून ठेवलेली होती आणि कारकून खिडकीच्या कट्ट्यावर बसून काम करत होते. मी लातूरलाच राहत असल्यामुळे चौकशीचं काम माझ्याकडं आलं. तिथले साहेब चांगले होते. ते म्हणाले, परवाना होईल, शेत राखायला म्हणून. वनखात्याकडूनही त्या कळपापुरती परवानगी घ्यावी लागेल. फक्त हत्यार कुठलं घेणार ते आधी कळवा, बारा बोअर की तीनशे पंधराची रायफल. मी मान हलवली आणि बाहेर आलो. त्या रविवारी मी मामांना ते आकड्याचं शहाणपण सांगितलं.

मग मला धास्ती वाटू लागली. आपण काहीतरी बोलून बसलो आणि मामांनी ते धरून ठेवलं. कॉलेजच्या वाचनालयात बंदुकांवरचं पुस्तक नव्हतं, पण ज्ञानकोशाचे जाड खंड होते. त्यात वाचताना माझे कान गरम झाले. तीनशे पंधरा म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप, एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीनशे पंधरा. आणि बाराचा हिशेब निराळाच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा लहान तितकं भोक मोठं. मी उलटंच सांगितलं होतं.

पण मग भोक मोठं म्हणजे बंदूक भारी का? तेही नाही. आमच्या भौतिकशास्त्रात शिकवलं होतं की वस्तूच्या अंगच्या शक्तीत वजन एकदाच धरतात, पण वेगाचा वर्ग करतात. रायफलची गोळी लहान, पण वेग जवळजवळ दुप्पट. नळीच्या आत आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बारा बोअरच्या नळीला आटे नसतात. तिच्यातून बारीक छर्रे निघतात, नाहीतर मोठे छर्रे, नाहीतर एकच मोठी गोळी. म्हणजे मी चुकीच्या कारणानं बरोबर सांगितलं होतं की काय, अशी मला आशा वाटू लागली.

पुढच्या रविवारी मी हे सगळं मामांना समजावून सांगितलं. आबाही येऊन बसले होते. त्यांच्याकडं एक जुनी एकनळी बारा बोअर होती, तिला ते बारी म्हणायचे, पण त्यांची नजर उतरलेली होती.

"मंग रायफलच घ्या," आबा म्हणाले. "माज्या बारीनं डुक्कर मरत न्हाई. निस्त्या कानठळ्या बसत्यात, त्याच्या आन माज्या."

मामांचा चेहरा खुलला. पंचक्रोशीत रायफल कुणाकडंच नव्हती. आमच्या आज्यापणज्यांनी गावाची राखण खांद्यावर काठी घेऊन केलेली. त्या घरात रायफल यावी, ती खांद्याला लावून मामांनी वेशीतून जावं, हे त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला ते दिसत होतं आणि आवडतही होतं.

तेवढ्यात मामी आतून आली. आमच्या घरी संध्याकाळी दिवा लावला की बुद्धाच्या मूर्तीपुढं बसून पंचशील म्हणायचं असे. मामी एकही दिवस चुकवायची नाही. पाचांतलं पहिलंच शील प्राणीहत्या न करण्याचं.

"तुमचं ठरलंय," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई."

"बैल मरू द्यायचे का?" मामा म्हणाले.

"तसं मी कवा म्हणलं? बैल बी जीवच हाय. पण आबाच्या बारीचं ते डुक्कर मी बगितलंय." ती आबांकडं वळली. "आबा, तुमाला बोल न्हाई लावत. पण तुमी मारलं आन ते ओढ्यात जाऊन पडलं. मी पाण्याला गेले की ते कण्हायचं. लई दिवस कण्हत होतं ते. मारायचंच असंल तर असं मारा की त्याला कळूच नये. तडफडायचं असंल तर मला ती बंदूक घरात नको."

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "बारीक छर्रा होता त्यात," ते हळू म्हणाले. "पाखरांचा. दुसरं काडतूस नव्हतं."

मामीच्या म्हणण्यामुळं रायफलीचीच बाजू आणखी भक्कम झाली, असं मला त्या वेळी वाटलं. एका गोळीत काम व्हायचं तर जास्त ताकदीची गोळी हवी. मला बरंही वाटलं. माझी पदार्थविज्ञानाची बाजू आणि मामीची शीलाची बाजू एकाच ठिकाणी येत होती.

लातूरला तेव्हा बंदुकीचं दुकान नव्हतं, निदान आम्हाला तरी माहीत नव्हतं. म्हणून मामा आणि मी एसटीनं नांदेडला गेलो. दुकान अरुंद होतं आणि आत तेलाचा वास होता. दुकानदार म्हातारे, मेंदी लावलेल्या दाढीचे आणि बोलण्यात फार गोड होते. मामांनी जयभीम घातला, त्यांनी कपाळाशी हात नेऊन सलाम केला.

"काय मारायचंय, मामाजी?"

"डुक्कर."

"डुक्कर म्हंजे जिम्मेदारीचं काम हाय," ते म्हणाले आणि आतून एक रायफल काढून कापडानं पुसू लागले. "ही बगा, तीनशे पंधरा. सरकारी कारखान्याची. आन ती वरची बगा, तीनशे पंच्याहत्तर. तिच्यानं हत्ती बी बसून जातो."

"आमच्याकडं हत्ती न्हाई," मामा म्हणाले.

"आला तर?"

"आला तर चाराच न्हाई. जाईल आपला."

दुकानदार मनापासून हसले. मग त्यांनी दोन्ही हत्यारं फळीवर शेजारी ठेवली. बारा बोअरच्या तोंडात माझा अंगठा सहज गेला. तीनशे पंधराच्या तोंडात पेन्सिलसुद्धा जेमतेम जाईल. मामांनी दोन्हींकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आकड्याची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, पण परक्यापुढं त्यांनी मला काही म्हटलं नाही.

काडतुसंही पाहिली. बारीक छर्रा मोहरीसारखा, मोठा छर्रा वाटाण्याएवढा, आणि एका काडतुसात नुसती एकच गोल गोळी, पोरांच्या खेळातल्या मोठ्या गोटीएवढी. दुकानदार म्हणाले, गोटी जवळून बसली तर डुक्कर जागचं हलत नाही. लांबून मात्र भरवसा नाही, आटे नसल्यामुळं ती भरकटते. रायफलीला जवळ-लांब सारखंच.

मी घाबरत घाबरत विचारलं, "रायफलची गोळी किती लांब जाते?"

"अरे बेटा, इथून सोडली तर गोदावरीच्या पल्याड," ते अभिमानानं म्हणाले.

मामा परत येताना खिडकीशी बसून खुशीत होते. माझ्या डोक्यात मात्र ते पल्याड राहिलं. डुकराला लागली आणि थांबली नाही तर? नुसतीच चुकली तर? पण मी बोललो नाही. मामांच्या मनातली रायफल आता त्यांच्या खांद्यापर्यंत आली होती, आणि मी एकदा बोलून तोंडघशी पडलेला.

मामांची एक रीत होती. रानातलं कुठलंही काम ते आधी कोरडं करून बघत. पेरणीच्या आधी रिकामी तिफण रानात एक फेरी फिरवून आणत. तसंच त्यांनी ठरवलं की कचेरीत हत्यार कळवायच्या आधी डुकराची कोरडी तालीम करायची. डुक्कर कुठून येतं, किती लांबून दिसतं, नेम कुठून धरायचा. मामा बंदूकवाले, हातात काठी. आबा बघे. राहिलो मी.

"मी?" मी म्हणालो.

"मंग काय आबाला करू डुक्कर? त्यांचे गुडघे गेल्यात."

अंगावर कॉलेजची पँट होती आणि ती एकच बरी होती. मामीनं मामांचं धोतर दिलं. ते खोचून मी ओढ्यात उतरलो आणि कळपानं मक्याच्या कुंपणाला पाडलेल्या खिंडारातून आत आलो. मामा विहिरीच्या धावेजवळ, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उताराजवळ, जमिनीवर बसले होते.

"वाकून नको," ते ओरडले. "चार पायांवर ये. आन लोळवत ये, सरळ चालून नको येऊ. सरळ चालणारं डुक्कर म्या बगितलं न्हाई."

मी हातापायांवर आलो. थोडा मका चुकून खरंच मोडला आणि आबा म्हणाले, "जमायलंय."

ओढ्यापलीकडं तेव्हा रोजगार हमीच्या रस्त्याचं काम चालू होतं. आसपासच्या गावांतली माणसं दिवसभर तिथं माती टाकायची. काहींनी तिथंच पालं ठोकली होती. त्याच वेळी पाट्या घेऊन बायांची एक रांग पलीकडच्या पायवाटेनं कामावर निघाली होती. सगळ्यांत पुढं एक ठसठशीत म्हातारी. ती थांबली.

"मामा, नवं जनावर पाळलं का वो?"

"कॉलेजातून आणलंय," मामा बसल्या जागेवरून म्हणाले.

"शेपूट दिसंना त्याचं."

"परीक्षेला बसलं की फुटंल."

बाया हसत सुटल्या. मला उठून उभं राहावंसं वाटलं, पण मामांनी काठी माझ्यावर रोखलेली होती आणि म्हणत होते, हलू नको, आता बरोबर नेमात आलास. मी मान वळवून मागं पाहिलं. मामांची काठी, मग मी, आणि त्याच रेषेत माझ्या पाठीमागं ती बायांची रांग. त्यांच्या मागं पालं, आणि पालांपुढं खेळणारी लेकरं. दर साली मधे पुरुषभर ज्वारी असायची, ओढ्याला झाडोरा असायचा. त्या साली मधे काहीच नव्हतं. सपाट रान आणि ऊन.

मी उभा राहिलो. "मामा, गोळी माझ्यातून गेली तर कुठं जाईल?"

मामांनी काठीच्या टोकावरून पलीकडं पाहिलं. मग त्यांनी काठी जमिनीवर ठेवली, हळूच, जणू ती भरलेली होती.

"ही तर पल्याडवाली," ते म्हणाले.

बाया कामाला निघून गेल्या. आम्ही तिघं धावेवर बसलो. मामांनी तंबाखू काढली आणि मळत राहिले.

"बारकी घ्यावी तर तडफडतंय," ते म्हणाले. "मोठी घ्यावी तर पलीकडं माणसं हायेत. मंग घ्यायची कंची? का बैलच सोडून द्यायचे?"

मी मनात आकडे जुळवू लागलो. शक्तीचं सूत्र होतं, पण त्यात पालं कुठं बसवायची ते ठाऊक नव्हतं. आबा करपलेल्या ज्वारीकडं बघत बसले होते.

"तो माळा तुमी सरपणाला काढणार हुता न्हवं?" ते सहज म्हणाले. "काढा की. न्हाईतर कुणी तरी नेईल."

मामांचं मळणं थांबलं. त्यांनी माळ्याकडं पाहिलं. मग त्यांचा उजवा हात आपोआप डोक्याभोवती एक फेरा फिरून आला, गोफण फिरवल्यासारखा.

"भाच्या, माळ्यावरून धोंडा मारला तर कुठं पडतोय?"

"रानातच."

"आन खालून मारला तर?"

"माज्या डोक्यात," आबा म्हणाले. "पडलेला हाय." आणि त्यांनी खरंच पागोटं सरकवून कपाळावरची जुनी खूण दाखवली. "माजं लगीन झालं त्या साली. तुज्या मामानंच मारला हुता, पाखरं हाणताना."

मी उठलो. आता मला सांगता येत होतं. वरून खाली मारलेली गोळी चुकली तरी चार हातांवर मातीत जाणार. आणि माळा खिंडाराच्या अगदी जवळ आणला तर डुक्कर एवढं जवळ येईल की लांबच्या माराची गरजच नाही. मग बारा बोअरची एकच गोळी पुरे, ती गोटीएवढी. ती जवळून बसली तर जनावर हलत नाही, आणि मामी म्हणते तसं त्याला कळतही नाही. ताकद नळीच्या आकड्यात शोधण्यापेक्षा अंतर कमी करायचं. बोलताना मी अडखळत होतो, पण मामा माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होते.

माळा हलवायला दोन दिवस लागले. मेढी उपटल्या, खिंडाराच्या बाजूला रोवल्या, फळ्या पुन्हा बांधल्या. मग मामा वर चढले, काठी घेऊन.

"हो आता परत डुक्कर," ते म्हणाले.

मी परत झालो. मामांना वरून माझ्यामागं फक्त भेगा पडलेली जमीन दिसत होती. त्यांनी मला पुढं घेतलं, मागं घेतलं, डावीकडं, उजवीकडं. एका कोपऱ्यात गेलो तर पायवाट दिसायची. तिथं त्यांनी काट्याचं कुंपण घट्ट करून टाकलं, म्हणजे डुक्कर त्या बाजूला जायलाच नको. शिवाय ठरवलं की मारायचं ते कामावरची माणसं वाटेला लागायच्या आधीच. उजाडलं आणि माणूस दिसलं की बंदूक खाली.

मी कचेरीत जाऊन बारा बोअर असं सांगितलं. परवाना मिळाल्यावर मामा पुन्हा नांदेडला जाऊन दुनळी घेऊन आले. दुकानदारांनी म्हणे विचारलं, हत्तीचं काय झालं? एसटीतून उतरल्यावर बंदूक कापडात गुंडाळलेलीच होती. वेशीतून येताना मामांनी ती उघडी केली नाही.

"रायफल राहिली," मी म्हणालो. त्यांना वाईट वाटत असेल असं मला वाटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तिच्यासाठी डोंगर लागतोय मागं. आपल्या रानाला डोंगर कुठाय?"

वनखात्याची परवानगीही आली. ओढ्याच्या दरडीला डबा ठेवून मामांनी एकच गोळी चालवून पाहिली. डबा गेला आणि धक्क्यानं मामाही मागं बसले. आबा म्हणाले, "डुक्कर वाचलं, मामालाच लागली."

परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत मी मामांकडंच राहिलो. पहाटे मामा आणि मी माळ्यावर जाऊन बसायचो. पहिल्यांदा कळप आला तेव्हा पुढं एक मादी होती आणि तिच्यामागं पट्ट्यापट्ट्यांची पिलं. नेमाच्या अगदी मधोमध. मामांनी बंदूक उचललीच नाही. "लेकुरवाळी हाय," ते पुटपुटले आणि टाळी वाजवली. त्या दिवशी मक्याची एक सरी गेली. घरी आल्यावर मामांनी ते मामीला सांगितलं. मामांच्या भाकरीवर तिनं त्या दिवशी तेल जास्त घातलं.

मग एका पहाटे मोठा नर एकटाच पुढं आला, सुळे बाहेर आलेला, मानेवर आयाळ उभी. बाकीचा कळप ओढ्यात थांबलेला. तो खिंडारातून आत शिरला आणि मी जिथं जिथं हातपाय टेकले होते तिथूनच आला. मला विचित्र वाटलं. मामांनी दम रोखला. बार झाला. नर पुढच्या पायांवर बसल्यासारखा खाली गेला आणि तसाच राहिला. ओढ्यात धावपळ झाली, मग सगळं शांत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजल्या, कारण आवाजानं ते दचकले होते.

आम्ही बराच वेळ खाली उतरलो नाही. मामी घराकडून चालत आली, हातात पाण्याचा तांब्या. ती खाली उभी राहून त्या जनावराकडं बघत राहिली.

"तडफडलं का?"

"न्हाई," मामा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि तांब्या वर दिला.

वनखात्याचा माणूस आला, पाहून गेला, आणि नियमाप्रमाणं जनावर ओढ्याकाठी पुरायला लावलं. आबांना ते फार लागलं. "एवढं मोठं," ते खड्ड्याशी उभं राहून म्हणाले, "आन नुसतं मातीला."

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही तिघं बसलो. मामी पंचशील म्हणू लागली आणि पहिल्याच शीलावर मामांचा आवाज आला नाही. मामी थांबली. दुसऱ्याकडं गेली नाही.

"म्हणा," ती म्हणाली.

"मोडलंय आज."

"आज मोडलं म्हणून आज घ्यायचं न्हाई असं कुठं हाय? म्हणा."

मामांनी म्हटलं, खालच्या आवाजात. मग पुढची चार सगळ्यांनी मिळून म्हटली.

कळप त्यानंतर एकदा ओढ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत आला, उभा राहिला आणि वळून गेला. त्या साली तरी परत आला नाही. बंदूक आढ्याला टांगली गेली. मका बैलांना पुरला. पुरला म्हणजे रोज थोडा, मोजून नव्हे पण जपून. मामा ताटं तोडून स्वतःच्या हातानं बैलांच्या तोंडात द्यायचे. बैलांची हाडं दिसत होती, पण ते मोट ओढत होते, आणि पुढं वखर आला तेव्हा वखरालाही तेच होते. वडील कंधारहून त्यांना बघायला आले. बैलांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "पारख चुकली न्हाई म्हणायची."

काही ताटांना थोडी कणसं धरली होती. परीक्षा संपवून मी गेलो तेव्हा मामांनी ती बाजूला काढून ठेवली होती. एका दुपारी त्यांनी मला कणसांची पाटी दिली आणि हमीच्या कामावर नेऊन द्यायला सांगितलं. "त्यांच्यावर गोळी गेली असती," ते म्हणाले. "दे नेऊन." मी मान खाली घालून ओढा ओलांडला. बाया बाभळीच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या. म्हातारीनं लांबूनच ओळखलं.

"आगं, डुक्कर आलं," ती शेजारणीला म्हणाली. "दोन पायांवर आलंय आज."

तीन दगडांवर कणसं भाजली. वास सगळीकडं पसरला. लेकरं पालांतून पळत आली आणि पाटीभोवती कोंडाळं करून बसली. म्हातारीनं पहिलं भाजलेलं कणीस मीठ लावून माझ्यापुढं धरलं. मी म्हणालो, तुम्ही घ्या आधी, लेकरांना द्या.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "पहिलं तुजं. तू बरा की, न खाता लोळवून गेलास."

मी बसलो आणि खाल्लं. ओढ्यापलीकडं मामांची मोट चालली होती. बैल धावेवरून खाली जात होते आणि पुन्हा वर येत होते, आणि मोट थारोळ्याच्या कुंडात रिकामी झाल्याचा आवाज इथवर ऐकू येत होता.